लाईन येऊन राहिली

आमच्या गावातून बोदलकसा तलावाकडे निघालं की विजेच्या सातव्या खांबावर लाल रंगात लिहिलेलं आहे, 'थांब शांते, तुझ्याविना या संसाराची वायरिंग कच्ची आहे.' दीड वर्षापूर्वी बदली होऊन इथे आलो तेव्हा पहिल्याच रविवारी फिरायला निघालो होतो. मला वाटलं, इलेक्ट्रिकच्या दुकानाची जाहिरात असेल. आठव्या खांबावर 'शांता (हात झटकून): मी चालली माहेरी' असं होतं. नवव्या-दहाव्यावर काहीच नाही. अकराव्यावर नुसतं 'पडदा'. शांता माहेरी गेली की नाही, गेली तर का गेली, आणि तिचा विजेच्या खांबांशी संबंध काय, हे काही केल्या उलगडेना. मी मराठीचा मास्तर. अर्धवट संवाद दिसला की मला जेवण गोड लागत नाही.

नाटककार माझे शेजारीच निघाले. लेखरामभाऊ, आमच्या भागाचे लाईनमन. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने शेवग्याची शेंग, कानावर टेस्टर, खिशात ब्रश आणि खांबांना नंबर टाकायच्या लाल रंगाची डबी. आठ गावं एकट्याच्या गळ्यात. कुठे फांदी पडली, कुठे फ्यूज उडाला, कुठे धानाच्या बांधीतला मोटारपंप बसला, दिवसभर फोन वाजतच असतो. या धबडग्यात हा माणूस तीन अंकी नाटक लिहीत होता. नाव, 'फ्यूज गेला संसाराचा'. वर चढून तारा जोडताना संवाद सुचायचा, खाली उतरून तो त्याच खांबाला द्यायचा, आणि निघायचं पुढच्या गावाला. घरी जाऊन वहीत लिहू म्हटलं तर वाटेत तीन फोन व्हायचे आणि शांता डोक्यातून पार निघून जायची.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, नाटक लिहून झालं का. ते म्हणाले, "लिहून राहिलो जी."

मी सांगलीकडचा. 'लिहून राहिलो' म्हणजे लिहून झालं आणि आता निवांत राहिलो, असा अर्थ लावून मी त्यांचं हात धरून अभिनंदन केलं. त्यांनी हळूच हात सोडवून घेतला. इथे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतो आहे आणि 'जाऊन राहिलो' म्हणजे जातो आहे, हे समजायला मला बरेच दिवस लागले. तोवर 'जेवून राहिलो' म्हणणाऱ्या हेडमास्तरांच्या डब्यासमोर उभा राहून मी शाळेची कामं सांगत असे.

त्यात भर 'लाईन'ची. इकडे वीज जात नाही, लाईन जाते. आणि लेखरामभाऊंना संवाद सुचत नाही, लाईन येते. एकदा पिठाच्या चक्कीवाल्याने फोन करून विचारलं, लाईन कधी येते. लेखरामभाऊ खांबाखाली ब्रश घेऊन उभे होते. आली, आली, एकदम झकास आली, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. चक्कीवाल्याने गहू वर ओतले, पट्टा चढवला, दहा घरी निरोप धाडले. आलेली लाईन शांताच्या सासऱ्याची होती. वीज आली संध्याकाळी. तेव्हापासून गावात कोणी लाईन आली म्हटलं की लोक आधी विचारून घेतात, तारेतली का नाटकातली.

खरं सांगतो, मला या माणसाचा हेवा वाटायचा. मलाही कथा लिहायच्या आहेत. नोकरीला लागल्यापासून लिहायच्या आहेत. त्यासाठी चांगली जाड वही घेतली आहे, पेन घेतलं आहे, आणि निवांतपणाची वाट पाहतो आहे. मागच्या उन्हाळी सुट्टीत तो निवांतपणा एकदाचा मिळाला. महिनाभर रोज सकाळी वही उघडून बसलो. महिन्याच्या शेवटी पहिल्या पानावर तारीख होती आणि तीही खोडलेली.

एवढ्या धावपळीत सुचतं कसं, असं मी एकदा त्यांना जरा चिडूनच विचारलं. त्यांनी टेस्टरने कान खाजवला.

"धावपळीतच सुचते जी. सुट्टीच्या दिवशी खाटेवर पडलो का डोस्क्यात अंधार. हात कामात गुतले का लाईन येते. रिकाम्या मानसाकडे ते कायले येईल?"

मला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून मी वह्या तपासता तपासता कथेचा विचार करू लागलो. आठवड्याच्या आत सहावीतल्या एका पोराच्या 'माझी गाय' या निबंधाखाली मी 'पात्र फुलत नाही, हिला अजून दुःख द्या' असा शेरा मारला. पोराचे वडील भेटायला आले. गाईला कसलं दुःख द्यायचं आणि कशासाठी, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी त्यांना काय उत्तर दिलं ते मला आज आठवत नाही, त्यांनाही ते कळलं नसावं.

पण सगळ्यात मोठा घोळ मी घातला तो वहिनींच्या बाबतीत. आलो त्या आठवड्यात विचारलं होतं, वहिनी दिसत नाहीत? तेव्हा लेखरामभाऊ म्हणाले होते, "येऊन राहिली." मी समजलो, आल्या आणि राहिल्या. घरात असतील, लाजत असतील. मग मी मधल्या भिंतीपाशी जाण्याआधी खाकरू लागलो. अंगणात गंजीफ्रॉकवर यायचं बंद केलं. 'वहिनींना नमस्कार सांगा' असं रोज भिंतीवरून सांगायचो. संक्रांतीला तिळगुळाच्या दोन पुड्या दिल्या, एक त्यांची, एक वहिनींची. लेखरामभाऊंनी दोन्ही घेऊन खिशात टाकल्या.

शेवटी चक्कीवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. भागरताबाई नागपूरला पोरीच्या बाळंतपणासाठी गेल्या त्याला वर्ष होऊन गेलं. नातू चालायला लागला, पण त्या परतल्या नव्हत्या. गेल्या त्या दिवशी लेखरामभाऊ त्यांना मोटरसायकलवरून तिरोड्याला गाडीवर सोडायला निघाले होते. वाटेत लाईन आली, नाटकातली. पाच मिनिटं म्हणून ते खांबाशी थांबले आणि गाडी निघून गेली. स्टेशनवर ट्रंकेवर बसून भागरताबाई एवढंच म्हणाल्या, "तुमचं नाटक पुरं झालं का सांगा. मंग येतो." आणि दुसऱ्या गाडीने एकट्या गेल्या. हे ऐकून मला त्या दोन पुड्या आठवल्या आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाहुणे येतात, दिवसा दंडारीची नाचगाणी आणि रात्री नाटक. यंदा गावाने ठरवलं, बाहेरचं नाटक कशाला, लेखरामभाऊंचंच करू. आणि खांबांवरून उतरवून घ्यायचं काम मराठीचा मास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडलं. सलग चार रविवार मी त्यांच्या मोटरसायकलच्या मागे बसून खांबाखांबाला नाटक गोळा केलं. तेव्हा कळलं की ते गोष्टीच्या क्रमाने नव्हतं, फॉल्टच्या क्रमाने होतं. जिथे आधी तार तुटली तिथे आधीचा प्रवेश. त्यामुळे शांता आधी परत यायची, मग रुसायची, आणि शेवटी तलावाजवळ तिचं लग्न ठरायचं. एका खांबावर क्लासची जाहिरात चिकटवलेली होती, तिच्याखाली सासऱ्याचं मरण गेलं. मी विचारलं, आता सासऱ्याचं काय करायचं? लेखरामभाऊंनी थोडा विचार केला आणि त्याला जगू द्यायचं ठरवलं.

वहीत सगळं मार्गी लागलं. राहिला एकच संवाद, शेवटचा. दोन वर्षांनी शांता परत येते, दारात उभी राहते, नवरा दार उघडतो. पुढे शांता काय म्हणते? तो खांब लेखरामभाऊंच्या स्वतःच्या दारासमोरच होता. त्याच्यावर 'शांता:' एवढंच लिहिलेलं होतं. उन्हापावसाने पुसट झालं की ते त्यावरून पुन्हा ब्रश फिरवायचे. पुढे अक्षर नव्हतं.

मंडई आठ दिवसांवर आली. शांताचं काम करणारी बाई बाहेरगावची, तिला सगळी भाषणं पाठवली, हे एक सोडून. मी एका दमात तीन संवाद सुचवले, एकाहून एक सरस. 'प्राणनाथ, उंबरठा ओलांडताना पाऊल थरथरतं आहे' वगैरे. लेखरामभाऊ मान हलवत राहिले. ती असं बोलत नाही, म्हणाले. मला राग आला. आठ गावांच्या फोनमध्ये तीन अंक सुचतात आणि एका बाईचं एक वाक्य सुचत नाही? मी म्हणालो, मग जी तसं बोलते तिलाच विचारा ना फोन करून.

ते पायरीवर बसले. हातातला ब्रश त्यांनी नुसताच डबीत फिरवला.

"गुरुजी, नाटक पुरं झालं अन् ते नाही आली तं? मी लिहून राहिलो, तंवर ते येऊन राहिली. पुरं झाल्यावर काय सांगू लोकाईले?"

दीड वर्ष ज्या व्याकरणाला मी हसत होतो ते असं माझ्यासमोर बसलं होतं. मी घरी आलो आणि उगाच चहा केला, प्यायलो नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र मी नको तो शहाणपणा केला, भागरताबाईंना फोन लावला. नंबर शोधावा लागला नाही, त्यांच्या मीटरशेजारी भिंतीवर लाल रंगात लिहिलेलाच होता. पलीकडे लहान मूल रडत होतं. मी शेजारचा मास्तर, मंडईच्या नाटकासाठी एक वाक्य हवं आहे, असं सांगून मी सगळा प्रवेश समजावला. बाई दोन वर्षांनी घरी येते, नवरा दार उघडतो, ती काय म्हणेल?

"काय म्हनल?" भागरताबाई म्हणाल्या. "दोन वर्स त्या मानसानं घर झाडलं असन का? काहीच नाही म्हननार जी. पयले झाडू घेईन."

मग मुलाला काहीतरी समजावलं, आणि जरा वेळाने विचारलं, झालं का नाटक पुरं. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "होऊन राहिलं." फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

लेखरामभाऊंना सांगितलं तेव्हा मला वाटलं, चिडतील. ते दोनदा स्वतःशीच पुटपुटले, पयले झाडू घेईन, पयले झाडू घेईन. मग हसले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. दारासमोरच्या खांबावर त्यांनी पुढे लिहिलं, '(काही न बोलता झाडू घेते.)'

नाटक रात्रभर चाललं. सासरा जिवंत राहिल्याने दुसऱ्या अंकात गोंधळ झाला, पण लोकांनी चालवून घेतलं. उजाडता उजाडता शेवटचा प्रवेश आला. शांता दारात आली, इकडे तिकडे पाहिलं, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि स्टेज झाडायला लागली. आधी बाया हसल्या. मग हळूहळू सगळं मैदान गप्प झालं. माझ्या पुढे बसलेली एक म्हातारी पदर डोळ्याला लावून होती, आणि माझंही नाक भरून आलं होतं, हे कबूल करतो. मी लेखरामभाऊंना शोधत होतो. ते गर्दीत नव्हतेच. ऐन वेळी लाईन जाऊ नये म्हणून रात्रभर विजेच्या डीपीजवळ बसून होते. स्वतःच्या नाटकाचा शेवट त्यांनी पाहिला नाही.

त्याच दिवशी त्यांनी नागपूरला फोन केला. पुरं झालं, एवढंच सांगितलं. मग वहिनी काय म्हणाल्या, असं मी विचारलं. "पाहतो, म्हने," ते म्हणाले, आणि फ्यूज बांधायला निघून गेले. दोन दिवस गेले. खांबांवर नवीन अक्षर नाही. लाईन आली का विचारलं तर खरोखरीच्या विजेचं सांगायचे, आणि गावाला त्याचीच काळजी वाटायला लागली.

मंगळवारी सकाळी भिंतीपलीकडून झाडूचा आवाज आला. मी कप तसाच ठेवून धावलो, खाकरलो, शर्टाची बटणं लावली आणि भिंतीवरून मोठ्याने म्हणालो, "नमस्कार वहिनी."

झाडू घेऊन लेखरामभाऊ सरळ उभे राहिले. डोक्यावर कोळिष्टक, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मागे अंगण सारवलेलं, भांडी उन्हात पालथी घातलेली, खाट बाहेर काढलेली. मीटरशेजारचा नंबरसुद्धा ओल्या फडक्याने पुसलेला.

"सकाळच्या गाडीत बसली म्हने," ते म्हणाले. "झाडायले काहीच नाही ठेवलो जी. आता तरी काही बोलल."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून कोणीतरी इतक्या जोरात विचारत होतं की मलाही ऐकू आलं, लाईन कधी येते, पंप बंद पडला आहे. लेखरामभाऊंनी रस्त्याकडे पाहिलं.

"येऊन राहिली, भाऊ," ते म्हणाले. "येऊन राहिली."

फोन खिशात टाकून त्यांनी पायरीवरचा कचरा पुन्हा एकदा झाडला. मला तरी तिथे काही दिसत नव्हतं.