खुळखुळ्याचं कुरण

आमच्या शेजारचे कवडूभाऊ बैलगाडीच्या चाकाला कधी वंगण घालत नसत. गाडी अशी कोकलायची, की ती वेशीबाहेर असतानाच गावातली कुत्री उठून उभी राहत. मांजराच्या गळ्यातही त्यांनी घुंगरू बांधला होता. ते बिचारं उंदरांकडे नुसतं बघून दिवस काढायचं. मी कधी पाय न वाजवता अंगणात शिरलो, की ओरडत, "आवाज करून येत जा बापा! मुका मानूस आन् मुकं गवत, दोन्ही वाईट."

चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. नागभीडपासून कोसभर आत आमचं गाव, आणि गावामागे थेट जंगलापर्यंत पुरुषभर गवताचं कुरण. पावसाळा सरता सरता त्यात खुळखुळ्याची पिवळी फुलं येत. थंडीत शेंगा वाळल्या, की आतलं बी सुटं होऊन वाजायचं. पायवाटेच्या दोन्ही अंगांनी हे बी कवडूभाऊच दरवर्षी पेरत. शेंगा वाजल्या की जागच्या जागी थांबून विचारत, "कोन हाय?" आणि उत्तराची वाट बघत. बायकोला वाघानं नेलं तेव्हापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं गाव म्हणे.

एका वर्षी खुळखुळा खाऊन दोन गाई दगावल्या. सगळा उपटायचा, असं गावानं ठरवलं आणि भाऊंची समजूत काढायला मला धाडलं. शेजारी ना मी!

भाऊ कुरणातच होते. भर दुपार, वारा पडलेला. मी तोंड उघडणार तोच पलीकडे शेंगा वाजल्या. मग जरा जवळ. गवताचा शेंडाही हलत नव्हता.

"कोन हाय?" भाऊंनी विचारलं.

आवाज आमच्यापाशी येऊन थांबला.

"भाऊ, चाला! वाघ असन."

"वाघ असन तं जाईन निंगून," ते हळूच म्हणाले. "तुह्या वहिनीले इथूनच नेलं. ती भारा बांधून राह्यली होती, मी बाजूलेच होतो. गवत मुकं होतं बापा, काईच ऐकू नाई आलं. म्हनून पेरतो."

"मंग विचारता काऊन? पळाचं ना!"

"आन् ती असन तं?" भाऊ गवताकडेच बघत होते. "पळालो तं तिले वाटन, यानं आजबी नाई ऐकलं."

मला रडूच आलं. परत येऊन मी गावाला सांगितलं, गुरं तळ्याकडे वळवा, खुळखुळा राहू द्या. त्या दिवसापासून भाऊंच्या अंगणात मी खाकरूनच शिरू लागलो.