समिधाचे खोटे पेशंट

ज्या कामाचा आराखडा मी स्वतः आखला, ते काम आजवर फसलेले नाही! तंत्रनिकेतनातली पदविका आणि खालापूरच्या कारखान्यातल्या ड्रॉइंग विभागात गेलेली उभी हयात, एवढ्या भांडवलावर माणूस कोणतेही काम हाती घेऊ शकतो, असे माझे ठाम मत होते. म्हणूनच माझी भाची समिधा फार्मसिस्ट म्हणून कॅनडाला जायचे म्हणाली, तेव्हा मी चष्मा पुसला आणि म्हणालो, ‘‘तू निर्धास्त राहा. मार्ग मी आखतो.’’

मार्ग सरळ नव्हता. आधी पदवीची छाननी, मग एक लेखी परीक्षा, मग दोन भागांची दुसरी, त्यानंतर तिथल्या प्रांतातले प्रशिक्षण आणि सरतेशेवटी परवाना. दुबई आणि आयर्लंड हेही पर्याय मी तिच्यापुढे मांडून पाहिले. पण पोरीचे मन कॅनडावरच बसले होते. छाननी झाली, लेखी परीक्षा तिने लीलया काढल्या. घोडे अडले ते दुसरीच्या शेवटच्या भागावर. त्यात म्हणे नट-नट्या पेशंट बनून समोर येतात, आणि त्यांना नेमके प्रश्न विचारून, औषध समजावून सांगून परत पाठवायचे असते.

‘‘मामा, मला प्रश्नच विचारता येत नाहीत हो!’’ समिधा रडकुंडीला आली. ‘‘इथे औषधांच्या दुकानात काम करताना विचारायची सोयच नाही. माणूस येतो, म्हणतो, ‘ती मागच्या टायमाची पांढरी गोळी दे.’ कशासाठी, म्हणून विचारलं की डोळे वटारतो, ‘तुला काय करायचंय गं? गोळी दे, लोकल चुकंल माझी!’ मला सवयच लागलीय गप्प राहायची. तिकडे गप्प राहिले तर नापास!’’

परीक्षा तिकडेच जाऊन द्यायची होती आणि विमानाचे तिकीट निघालेले होते. नापास झाली असती तर तिने पुन्हा कर्जतच्या काउंटरवर उभे राहून मुकाट्याने पांढऱ्या गोळ्याच दिल्या असत्या. मी तत्काळ निर्णय घेतला. खोटे पेशंट आपणच तयार करायचे! सराव आधी मराठीत. इंग्रजीचा रंग मागाहून.

पहिला पेशंट आमच्या गल्लीतला रिक्षावाला भिवाजी. त्याला मी दम्याचा आजार दिला आणि बजावले, ‘‘काहीही झाले तरी भूमिका सोडायची नाही.’’

‘‘तुमी बघाच मधूभाऊ!’’ भिवाजी छाती फुगवून म्हणाला. ‘‘आमी लग्नाआधी गावच्या नाटकात राजा व्हतो. आता दमा व्हतो!’’

दुसरी पेशंट आमची सौभाग्यवती अनसूया. तिला निद्रानाश दिला. रविवारी सकाळी पुढच्या खोलीत टेबल मांडून मी परीक्षकाच्या खुर्चीत बसलो. अनसूयेचा क्रमांक आधी होता.

‘‘झोप... का लागत नाही?’’ समिधाने चाचरत विचारले.

‘‘कशी लागेल? हे पहाटे उठून गच्चीवरच्या टाकीत पट्टी बुडवून पाणी मोजतात!’’

‘‘अनसूये, हे ठरलेले नव्हते.’’

‘‘मी पेशंट आहे. पेशंटला बोलू द्यावं!’’

समिधा हसली आणि पुढचे सगळे प्रश्न विसरली. मी नापासाची खूण केली आणि भिवाजीला बोलावले. तो असा काही खोकला की खिडकीतले पारवे उडाले! समिधा बावरली. ‘‘काका, कधीपासून...’’ एवढे म्हणून तिची वाचाच बसली.

तेवढ्यात दाराशी टेंपो थांबला.

घडले होते ते असे. भिवाजीने घरीही तालीम सोडली नव्हती. जेवताना खोकायचा, झोपेत धापा टाकायचा. घाबरून त्याच्या सुनेने, प्रियाने, त्याच्या मेहुण्याला कुंभिवलीला फोन लावला होता. आता हिरामण मेहुणा, त्याची बायको आणि टेंपोत मावतील तेवढे पाहुणे आमच्या पुढच्या खोलीत दाखल झाले. प्रत्येकाच्या हातात शहाळे!

‘‘दाजी! अवं दाजी, काय झालं वं तुमाला?’’ हिरामणच्या बायकोने हंबरडा फोडला.

आता तरी त्याने थांबावे की नाही? पण भूमिका सोडायची नाही, असे मीच बजावलेले! भिवाजी अधिकच आवेशाने खोकला.

‘‘हितं काय नाय व्हायचं! पनवेलला हलवा!’’ हिरामण गरजला. दोघांनी भिवाजीला खुर्चीसकट उचलले. हवेत तरंगत तो ओरडला, ‘‘मधूभाऊ, सोडू का भूमिका? का पनवेलपर्यंत ठेवू?’’

‘‘थांबा!’’ म्हणून मी ताडकन उठलो. खोली गर्रकन फिरली आणि मी मटकन जमिनीवर बसलो.

मग खुर्चीतून भिवाजीने टाळ्या वाजवल्या. ‘‘वा मधूभाऊ! तुमी तं आमच्यावर कडी केली! काय पडलाव, काय पडलाव!’’

पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या. अनसूया म्हणाली, ‘‘उठा आता. धोतराला धूळ लागेल.’’

हसली नाही ती एकटी समिधा. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि तिने माझे मनगट धरले.

‘‘मामा, उठताना चक्कर आली?’’

‘‘माझे सोड, तुझा सराव...’’

‘‘मी विचारतेय त्याचं उत्तर द्या! याआधी कधी आली होती? गोळ्या कोणत्या घेता? कोणी दिल्या? दाखवा.’’

हा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता! अनसूयेने गोळ्या आणल्या. एक पट्टी कर्जतच्या डॉक्टरांची, दुसरी खोपोलीच्या. समिधाने दोन्ही उलटून पाहिल्या.

‘‘मामा, या दोन्हींत एकच औषध आहे. कंपन्या निराळ्या म्हणून नावं निराळी. रक्तदाबाची दुप्पट गोळी घेताय तुम्ही! खोपोलीच्या डॉक्टरांना पहिली गोळी सांगितली होती का?’’

‘‘त्यांनी विचारले नाही,’’ मी म्हणालो. ‘‘आणि कोणत्याही यंत्रणेत मुख्य पंपाला एक राखीव पंप असावाच लागतो...’’

‘‘राखीव पंप मुख्य पंप बंद पडल्यावर चालवतात ना हो, मामा?’’

पदविकाधारकाने चष्मा काढून पुसायला घेतला.

‘‘हिरामणकाका, त्यांना खाली ठेवा आणि यांना उचला!’’ समिधाने फर्मावले. भिवाजीसाठी आलेला टेंपो मला घेऊन डॉक्टरांकडे निघाला. टेंपोत हिरामण म्हणाला, ‘‘पावनं, आजारी मानसाला भेटायला आलो व्हतो, तसं परत कसं जायाचं? घ्या!’’ आणि सगळी शहाळी माझ्या मांडीवर आली. डॉक्टरांनी माझा रक्तदाब पाहिला, एक गोळी बंद केली आणि ही चूक कोणी पकडली, म्हणून विचारले. समिधा कधी नव्हे ती ताठ उभी होती.

ती कॅनडाला गेली, खोट्या पेशंटांची परीक्षा पास झाली आणि आता तिथल्या एका दुकानात प्रशिक्षण घेते आहे. पेशंट कसे तयार करावेत, याविषयी माझा सल्ला अजून कोणी मागितलेला नाही.

दर रविवारी तिचा फोन येतो. तिकडे बर्फ किती पडला, असे मी मोठ्या प्रेमाने विचारतो.

‘‘ते नंतर. सध्या काय काय घेताय? एकेक सांगा.’’

मी सांगतो. बसल्या जागी सावरून, शाळेतल्यासारखे.

‘‘अर्धंच सांगतात गं!’’ स्वयंपाकघरातून अनसूया ओरडते. ‘‘वैदूकडून चूर्ण आणलंय ते लपवतायत!’’

माझे म्हणणे एवढेच की, तिने गोळ्यांविषयी विचारले होते. चूर्णाचा प्रश्न रीतसर उपस्थितच झालेला नव्हता!