डिकी बघू का?

सज्जनांमुळे जगाचं जेवढं नुकसान होतं तेवढं चोरांमुळे होत नाही. चोर निदान वेळ बघून येतो. थोरल्या चिरंजीवांविषयी आईची तक्रार एवढीच होती, की त्यांना घराबाहेर 'नाही' हा शब्द उच्चारता येत नसे. (घरात उत्तम यायचा. बायकोसमोर दिवसाला सरासरी चौदा वेळा.)

आईला घरात सगळे 'हायकोर्ट' म्हणत, अर्थात पाठीमागे. शिक्षण दुसरीपर्यंत, त्यातही दुसरी अर्धीच. त्या दुपारी चिरंजीव गाडी चालवत होते आणि हायकोर्ट मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलं होतं. आईची धाकटी बहीण सव्वातीनच्या बसने निघणार होती आणि पुढे समुद्रापार लेकाकडे, कायमची. आपल्या दिवंगत आईच्या एका शालीवरून दोघी बहिणी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. शाल पिशवीत होती.

चौकात हवालदाराने गाडी अडवली. मागचा दिवा फुटलेला. "बदलून घ्या," तो म्हणाला, आणि जाता जाता हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "डिकी बघू का?"

नियम असा होता, की संशयाला कारण नसेल तर गाडी तपासायला मालकाची संमती लागते. म्हणून तर पोलीस विचारतो. ज्याला हक्क असतो तो विचारत नाही, उघडतो. एवढं कळायला हायकोर्टाला दीड यत्ता पुरली होती. चिरंजीवांना पदवी पुरली नाही.

"बघा की साहेब! आपलीच आहे!"

हवालदाराचं जेवण राहिलं होतं. त्याने डिकीत एक नजर टाकली, झाकण लावलं आणि म्हणाला, "जा."

एखादा हलक्या प्रतीचा नागरिक इथे निघून गेला असता. चिरंजीव म्हणाले, "साहेब, स्टेपनीखाली राहिलं."

पोलिसी शास्त्र अनुभवावर उभं आहे. जो लपवतो तो संशयित. जो आपण होऊन दाखवतो तो पक्का. हवालदाराने जेवण विसरून जोडीदाराला हाक मारली. स्टेपनी निघाली, पायपुसणी निघाली, अखेर पुढच्या दोन्ही सीटा रस्त्यावर येऊन पाहुण्यांसारख्या बसल्या.

"अरे, तीन वाजले!"

"आई, सहकार्य करावं. आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

"लपवायला नाही रे मेल्या, गाठायला आहे!"

तपासात हाती लागलेला ऐवज: कंगवा एक, पेनांची टोपणं तीन, ओळख न पटलेलं बिस्किट एक, आणि सुनेची डाव्या पायाची चप्पल, जी हरवल्याबद्दल ती दोन वर्षं वेंधळी ठरली होती. (तपासणीचे सामाजिक फायदे यावरून लक्षात यावेत.)

शेवटी हवालदार खिडकीशी वाकला. "आजी, पिशवी बघू का?"

"नाही."

"बरं."

तो पुढच्या गाडीकडे गेला. आभाळ कोसळलं नाही, कुणाला बेड्या पडल्या नाहीत. संपूर्ण प्रक्रियेला दोन सेकंद लागले. चिरंजीव मात्र मागोमाग धावले. "साहेब, राग मानू नका, वय झालंय तिचं."

सीटा बसवायला वीस मिनिटं गेली. (काढण्याचा अधिकार पोलिसांचा, बसवण्याचा नागरिकांचा.)

ते पोहोचले तेव्हा बसच्या जागी तेलाचा ओला डाग होता आणि झाडूवाली त्याच्या कडेकडेने झाडत होती.

"सव्वातीनची? गेली की. एक बाई पायरीवरून आत जायलाच तयार नव्हती, सारखी फाटकाकडे बघत होती. कंडक्टरने शेवटी हात धरून आत घेतली."

हायकोर्टाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"हे पोलीस ना," चिरंजीव कळवळून म्हणाले, "माणुसकी म्हणून नाही यांना!"

"पोलिसाने नुसतं विचारलं," आई म्हणाली. "'बघा' तू म्हणालास. आता जन्मभर पोलिसांना शिव्या घाल. सगळे तेच करतात."