सर्वसंमत पूल

विज्ञानाला सीमा नसतात. म्हणूनच प्रत्येक संशोधन संस्थेला स्वतःभोवती भक्कम कुंपण घालून घ्यावं लागतं, नाहीतर आपलं विज्ञान कुठे संपलं आणि शेजाऱ्यांचं कुठे सुरू झालं हे कळायचं कसं?

एका टेकडीच्या उतारावर अशा तीन संस्था होत्या. वरची, मधली आणि खालची. त्यांची खरी नावं लांबलचक आणि आदरणीय होती, पण टपाल आणणाऱ्याला तेवढा दम नव्हता, म्हणून हीच नावं रूढ झाली. (खालच्या संस्थेला हे मान्य नव्हतं. तिच्या कागदपत्रांत ती 'पहिली' होती, कारण फाटक तिच्या बाजूला होतं.) प्रत्येकीकडे संगणकांनी खच्चून भरलेली एक थंडगार खोली होती, आणि त्या संगणकांना कामं वाटून देणारं, स्वतःच लिहिलेलं आणि स्वतःलाच कळणारं सॉफ्टवेअर होतं.

हे काम वाटणं म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. घरात कार्य निघालं की भाजीचा ढीग मधे ओततात, येईल त्याच्या हातात सुरी देतात आणि शेवटी सगळं एका पातेल्यात गोळा करतात, तेच हे. एका संगणकाला जे गणित जन्मात झेपणार नाही, ते तुकडे करून शेकडो संगणकांना द्यायचं आणि उत्तरं गोळा करायची. तिन्ही खोल्या एकत्र आल्या तर केवढी मोठी गणितं सुटतील, असं सगळेच म्हणत. पण घोडं पेंड खायचं ते इथेच. वरच्यांचं सॉफ्टवेअर मोजायला शून्यापासून सुरुवात करी, खालच्यांचं एकापासून, आणि मधल्यांचं कुठून सुरुवात करतं हे ज्याला ठाऊक होतं तो निवृत्त होऊन परगावी लेकाकडे राहायला गेला होता.

या तिघींची मोट बांधायला एक अधिकारी नेमलेला होता. हुद्दा सुसंवाद अधिकारी. सगळे त्याला 'दुवा' म्हणत. दुवाची निवड गुणवत्तेवर झाली असं त्याच्या आईला वाटे. खरं म्हणजे प्रत्येक संस्थेनं बाकीच्यांच्या उमेदवारांवर काट मारली, आणि दुवाबद्दल कोणालाच काही माहीत नसल्यामुळे आक्षेप घ्यायला जागा सापडेना. दुवा हे स्वतःच मांडीवर थाप मारून सांगत असे. "आपण बिनविरोध माणूस आहोत बाबा," तो म्हणे. "भिंतीवरच्या पालीलासुद्धा कोणीतरी विरोध करतं. मला नाही."

असं सगळं सुरळीत चाललेलं होतं. पण दुवाला एक थोरली बहीण होती, आणि ती पूल तपासायची.

गावात जाताना लागणाऱ्या नदीवरच्या जुन्या पुलाला ताईनं कित्येक वर्षांपासून थरथर मोजणारी यंत्रं चिकटवून ठेवली होती. आता त्या पुलावरून अवजड गाड्या सोडायचं ठरलं होतं. ताईला खांबांची खात्री वाटत नव्हती. पण नुसतं वाटून भागत नाही, गणित लागतं, आणि ते गणित एवढं अवाढव्य होतं की तिन्ही खोल्या एकत्र जुंपल्याशिवाय वेळेत सुटणार नव्हतं.

"मला निबंध नको," ताई म्हणाली. "अवजड गाड्या सोडल्या तर पूल टिकेल की नाही, एवढंच सांग. आणि तुझी पोरगी शाळेच्या बसमधून रोज त्याच पुलावरून जाते, हे ध्यानात ठेव."

"ताई, तू काळजीच करू नकोस," दुवा म्हणाला. हे वाक्य दुवानं आजवर ज्या ज्या कामाबद्दल उच्चारलं होतं, त्यांची पुढे काय गत झाली हे ताईला चांगलं माहीत होतं. म्हणून तिनं काळजी चालूच ठेवली.

दुवानं रीतसर तिन्ही संस्थाप्रमुखांची बैठक बोलावली. बैठकीत 'आव्हाने आणि संधी' हा मसुदा सादर झाला. मसुदा दुवानंच लिहिला होता आणि त्याला तो मनापासून आवडला होता. त्यातला काही भाग असा:

आव्हान: तिन्ही संस्थांची सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नाहीत. संधी: त्यामुळे ती भांडतही नाहीत.

आव्हान: कामाची समान पद्धत उपलब्ध नाही. संधी: समान पद्धती तीन उपलब्ध आहेत.

आव्हान: काम तातडीचे आहे. संधी: (हा रकाना हेतुपुरस्सर कोरा ठेवण्यात आला आहे.)

मसुद्याला तत्त्वतः मान्यता मिळाली. तत्त्वतः मान्यता म्हणजे ज्या मान्यतेनंतर काहीच करावं लागत नाही ती. पण तेवढ्यात वरचे प्रमुख सावरून बसले.

"एक सांगून ठेवतो," ते म्हणाले. "आमचे संगणक खालच्यांचे हुकूम ऐकणार नाहीत."

"हुकूम कोण करतंय?" खालचे प्रमुख म्हणाले. "आम्ही सांगू तसं त्यांनी करायचं, एवढंच."

"आमचं काहीच म्हणणं नाही," मधले प्रमुख म्हणाले. "पण ते इतिवृत्तात नोंदवून घ्या."

आता संगणकाला कोणाचा हुकूम ऐकला म्हणून कमीपणा वाटत नाही, हे दुवाला ठाऊक होतं. पण हे बोलून दाखवलं तर आपली बिनविरोध अवस्था संपेल हेही ठाऊक होतं. म्हणून त्यानं तोडगा काढला. यापुढे कोणतंही सॉफ्टवेअर दुसऱ्याला हुकूम करणार नाही. विनंती करील. दुसरं सॉफ्टवेअर विनंतीची पोच देईल, तीवर विचार करील आणि सवडीनुसार कळवील. तिन्ही प्रमुख खूश झाले. वरच्यांनी तर दुवाला स्वतःच्या ताटलीतलं बिस्किट दिलं.

पहिल्या चाचणीत पद्धत उत्तम चालली. तिन्ही खोल्यांच्या एकत्रित शक्तीपैकी एकेचाळीस टक्के शक्ती पोच देण्यात गेली, तेहेतीस टक्के पोच मिळाल्याचं कळवण्यात, आणि बावीस टक्के विलंबाबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात. उरलेल्या चार टक्क्यांत पुलाचं गणित चाललं होतं. खोल्या मात्र चांगल्याच तापल्या. (सौजन्यानं उष्णता निर्माण होते, हा या प्रकल्पाचा आनुषंगिक शोध.) दुवानं ताईला फोन करून काम जोरात चालू असल्याचं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

मुख्य गणित सुरू करायच्या आधीच्या बैठकीत नवीनच मुद्दा निघाला. समजा दुसऱ्याच्या संगणकानं चूक केली आणि उत्तरावर आपलंही नाव गेलं, तर? तिघांचेही चेहरे उतरले. चूक आपल्या संगणकाची असू शकेल, ही शक्यता चर्चेला आली नाही. दुवानं चहा ढवळता ढवळता एक ओळ लिहून पुढे सरकवली: 'तिन्ही संस्थांना मान्य असेल तेवढेच अंतिम उत्तरात समाविष्ट व्हावे.' तिघांनी सह्या ठोकल्या. दुवाचा जीव भांड्यात पडला, आणि तो शीळ घालत घरी गेला.

गणिताचे तुकडे रीतसर पाडले होते. पुलाचा माथा वरच्यांकडे, सांधे मधल्यांकडे, खांब खालच्यांकडे. खालच्यांच्या संगणकांनी निःसंदिग्ध उत्तर काढलं की अवजड गाड्या सुरू झाल्यावर तिसरा खांब टिकणार नाही. ठरल्याप्रमाणे त्यांनी बाकीच्या दोघांना नम्रपणे विचारलं की आपणांस हे मान्य आहे का. वरच्यांनी कळवलं की खांबांचा विषय आमच्याकडे नसल्यामुळे संमती देता येत नाही. मधल्यांनी कळवलं की आमचं काहीच म्हणणं नाही. संमती न मिळाल्यामुळे खांब गाळण्यात आला. याच न्यायानं माथ्यावरच्या भेगा गेल्या, सांधेही गेले. शेवटी जे तिघांनाही मान्य होतं तेवढं उरलं, आणि तिन्ही बोधचिन्हांसह सुबक छापून आलं: 'सदर पूल अस्तित्वात आहे.'

तिन्ही संस्थांच्या इतिहासात एखाद्या वैज्ञानिक निष्कर्षावर एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती. भाषणं झाली. दुवाला पुष्पगुच्छ मिळाला. एक प्रमुख म्हणाले की आज विज्ञान जिंकलं. दुवाचे डोळे भरून आले. त्यानं उत्तर अजून वाचलेलं नव्हतं.

ते ताईनं वाचलं.

"अरे गाढवा," ती त्याच्या खोलीत शिरत म्हणाली, "पूल आहे हे मला दिसतंय! टिकेल का, असं विचारलं होतं मी!"

दुवानं गाळलेला मजकूर उघडून दिला. तो पुसून टाकायला तिघांचं एकमत लागलं असतं, म्हणून शिल्लक होता. ताई वाचत गेली आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबली. "तिसरा खांब," ती म्हणाली. "दुवा, अरे, तिसरा खांब." तिनंही त्याला दुवा म्हटलं, घरातलं नाव नाही घेतलं. ते त्याला फार लागलं.

ताई तो मजकूर घेऊन थेट पुलांच्या कचेरीत गेली. तिथले साहेब अत्यंत सभ्य होते. "बाई, तुमच्या कागदावर एका संस्थेचं म्हणणं आहे," ते म्हणाले, "आणि आमच्याकडच्या या छापील उत्तरावर तिघांची बोधचिन्हं. पूल आहे असं ते स्वच्छ म्हणतायत. आम्ही नसलेल्या पुलावरून गाड्या सोडल्या असत्या, तर तुमची तक्रार मी समजू शकलो असतो." ठरल्या तारखेला अवजड गाड्या सुरू झाल्या.

दुवाला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली, आणि भीती त्याहून जास्त. त्यानं तिन्ही प्रमुखांना प्रत्यक्ष भेटून सगळं सांगितलं. तिघांनीही गंभीरपणे ऐकून घेतलं आणि ती ओळ बदलायचा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं मान्य केलं. स्वतःच उठून गावभर ओरडावं असं दुवाच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण सुसंवाद अधिकाऱ्यानं एकट्यानं बोलणं हुद्द्यात बसत नव्हतं. आपण बिनविरोध माणूस आहोत, तो स्वतःशीच म्हणाला, आणि या वेळी त्याचा हात मांडीवर पडला नाही.

त्यानं मुलीची शाळेची बस तेवढी बंद केली. दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून तो वळशाच्या रस्त्यानं निघाला. हा रस्ता खड्ड्यांचा, एरवी तिकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. पहिल्या वळणावर त्याला वरचे प्रमुख दिसले, मागच्या सीटवर नातू. पुढे खालचे. त्यांच्या मागे मधले, सहकुटुंब. कोणी कोणाला विनंती केलेली नव्हती, पोच दिलेली नव्हती. बैठक न घेता तिन्ही संस्था एका रस्त्यावर आल्या होत्या. सगळ्यांनी एकमेकांना हात केले.

"बाबा, आपण इकडून का जातोय?" मुलीनं विचारलं.

"अगं, इकडे हवा छान असते."

"मग माझ्या बसमधल्या बाकीच्यांना नको का हवा?"

दुवानं स्वतःला मनातल्या मनात एक शेलकी शिवी हासडली आणि गिअर बदलला.

ताई मात्र रोज सकाळी पुलाच्या तोंडाशी उभी असते. येणाऱ्या गाड्यांना हात दाखवून थांबवते आणि तिसऱ्या खांबाचं सांगते. लोक हॉर्न वाजवतात. परवा तिनं तुमचीही गाडी थांबवली होती. तुम्ही काच अर्धी खाली केलीत, "एवढं असतं तर वरच्या लोकांनी काहीतरी केलं असतंच ना, बाई," म्हणालात आणि काच वर घेतलीत. संध्याकाळी घरी जेवताना तुम्हीच सांगत होतात की हल्ली सकाळी पुलावर मोठ्या साहेबांच्या गाड्या अजिबात दिसत नाहीत, रस्ता कसा छान मोकळा मिळतो.