ॲमिकस नावाचा इसम

घड्याळजींना आपल्या विश्वासू स्वभावाचा भारी अभिमान! दुकानात गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडता उघडता ते सांगत, "आमची ही कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर वकिलांच्या गराड्यात! पण संशय म्हणून कधी शिवला नाही मला!"

एका संध्याकाळी बायको फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "उद्या ॲमिकस येणार आहेत! काय बोलतात गं! हातातलं काम टाकून नुसतं ऐकत राहावंसं वाटतं!"

घड्याळजींचा चहा बशीत सांडला. ॲमिकस! नावावरूनच परदेशी. उंचही असणार मेला! सतरा वर्षांच्या संसारात आपलं बोलणं ऐकायला हिनं कधी मिक्सर बंद केला नव्हता!

"कोण हा ॲमिकस?"

"कोर्टातलं आहे. तुम्हाला नाही कळायचं," असं म्हणून ती उद्याचे कपडे इस्त्री करायला लागली. इस्त्री! तीही गुणगुणत!

रात्रभर घड्याळजी कूस बदलत राहिले. सकाळी दुकान बंद ठेवून त्यांनी लग्नातला कोट चढवला, श्वास रोखून बटणं लावली आणि थेट कोर्ट गाठलं.

"ॲमिकस?" दाराशी बसलेला शिपाई म्हणाला, "आत आहेत. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येतील."

सुट्टी झाली, दार उघडलं. बायको बाहेर आली. तिच्या हाताला धरून काळ्या कोटातल्या एक म्हाताऱ्या वकीलबाई येत होत्या. मागे पुरुष कुणीच नाही. पळाला वाटतं!

"कुठाय तो ॲमिकस?" घड्याळजी गरजले. "हिंमत असेल तर समोर ये म्हणावं!"

त्या आवाजासरशी कोटाचं एक बटण तुटून टणकन उडालं. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला! बायकोला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मीच," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या.

"तुम्ही... ॲमिकस?"

"अहो, ते नाव नव्हे! ॲमिकस क्युरी. लॅटिन आहे, न्यायालयाचा मित्र. खटला अवघड असला की न्यायाधीश एखाद्या वकिलाला मदतीला बोलावतात. त्यानं कुणाचीच बाजू घ्यायची नाही, नुसता कायदा उलगडून सांगायचा. या खटल्यात ते काम माझ्याकडे आहे. पण झालं काय?"

बायकोनं मान खाली घालून, फोनपासून इस्त्रीपर्यंतचं सगळं सांगितलं.

वकीलबाईंनी घड्याळजींना नखशिखांत न्याहाळलं. मग त्यांनी बायकोचा हात दाबला आणि उसासा टाकला.

"नशीबवान आहेस, पोरी! अठ्ठेचाळीस वर्षं झाली माझ्या लग्नाला. आमच्या ह्यांना एकदासुद्धा संशय आला नाही!"

घड्याळजींची छाती फुगली. तेवढ्यात दुसरंही बटण तुटलं.