शांतारामचा दोर

भर बाजारात, माणसांची ये-जा चालू असताना, आमचे शेजारी नाना मधेच खांबासारखे उभे राहायचे. हातातल्या दोराच्या दुसऱ्या टोकाला एक तांबडा घोडा मान ताणून पुढे ओढत असायचा. मागे गाडीवान ओरडायचे, नाना ढिम्म. दोर ढिला पडला की एक पाऊल पुढे. ताणला की पुन्हा खांब. कुणी चिडून बोललंच, तर मान वळवून एवढंच विचारायचे, "घाई शे का?"

आता मी त्या गावचा शाळामास्तर. चाळीसगाव तालुक्यातली चार वर्गांची शाळा, आणि घंटा द्यायची मीच. मला घाई नसेल तर कुणाला असणार? त्यात आमचा बोळ इतका अरुंद, की पुढे नाना आणि घोडा असले की मागे मास्तर अडकलाच. डेप्युटीसाहेब तपासणीला आले त्या दिवशी शाळा पंधरा मिनिटं उशिरा उघडली, ती या माणसापायी. साहेबांना कारण काय सांगणार, कपाळ?

घोडा सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला, अडीच-तीन वर्षांचा, अंगात नुसता वारा. नानांनी नाव ठेवलं शांताराम, केवळ आशेवर. पहिल्याच महिन्यात त्याने नानांना शेजारणीच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवरून फरफटत नेलं. सबंध बोळ संध्याकाळपर्यंत शिंकत होता. नाना लालभडक धोतरानं उठले, शांतारामच्या मानेवर थाप मारली आणि त्याला तिथूनच माघारी वळवलं. घोडा पुढे घुसला की उलट दिशेला चालायला लागायचं, हा त्यांचा दुसरा नियम. त्यामुळे बाजाराला निघालेले नाना पुष्कळदा तासाभराने आपल्याच ओट्यापाशी पोचायचे. पिशवी रिकामी, आणि चेहऱ्यावर समाधान.

म्हातारपणी थेरं सुचली, असं गाव म्हणायचं. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण ते आमच्या भिंतीपलीकडेच राहायचं. ते म्हणजे नानांच्या पत्नी, अक्का. तीन वर्षांपूर्वी बैलगाडी उलटून अक्कांचा गुडघा कायमचा अधू झाला. चालवत नव्हतं, आणि पुन्हा चाकाच्या गाडीत बसणार नाही असं त्यांनी जे ठरवलं ते ठरवलं. माहेर दोन कोसांवर, रुळांपलीकडे. तरी तीन आखाज्या कोरड्या गेल्या. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते, मग ती पंधराची असो की पंचावन्नची. गावात झोक्यांवरची गाणी सुरू झाली की अक्का पलीकडे भांडी जरा जोरात घासायच्या. ते ऐकून मला फार वाईट वाटायचं.

यंदा अक्कांना घोड्यावर बसवायचं आणि आपण दोर धरून चालायचं, असा नानांचा बेत होता. अक्कांनी एकच अट घातली. जनावर उधळलं, तर त्या या जन्मात पुन्हा उंबरा ओलांडणार नव्हत्या.

एकदा मी वैतागून म्हटलं, नाना, दोन फटके द्या, आठवड्यात सरळ होईल. नाना बराच वेळ घोड्याची पाठ चोळत राहिले.

"मास्तर, त्या दिन मालेच घाई व्हती," ते म्हणाले. "बैल मीच पळाडात."

त्यानंतर मी फटक्यांचा विषय काढला नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी तिघं निघाले. मीही बरोबर गेलो. सोबत म्हणून, असं सांगितलं. खरं तर मला राहवत नव्हतं. रेल्वेचं फाटक नेमकं बंद. गाडीची शिट्टी झाली आणि शांतारामचे कान ताठ झाले, अंगावर थरथर उठली. अक्का डोळे गच्च मिटून आयाळ धरून बसलेल्या. माझ्या हातात दोर असता तर मी तो दोन्ही हातांनी आवळला असता. नानांनी तो ढिला सोडला आणि घोड्याच्या शेजारी नुसते उभे राहिले. इंजिन गेलं, डबे गेले. शांतारामने नाकातून मोठा श्वास सोडला आणि नानांच्या खांद्याला तोंड घासलं. जागचा हलला नाही.

"गई का?" अक्कांनी एक डोळा उघडून विचारलं.

"गई," नाना म्हणाले. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

अक्का माहेरी चार दिवस राहिल्या. नाना त्याच संध्याकाळी परतले. आमच्याकडे जेवायला बसायचे आणि अर्ध्या भाकरीवरच उठायचे. दिवसभर शांतारामशी बोलत असायचे. पाचव्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो, तर बोळात पुन्हा तेच दोघं. नाना नवा फेटा बांधून अक्कांना आणायला निघालेले आणि शांताराम खांबासारखा उभा. मला वाटलं, बिघडलं पुन्हा जनावर. मग दोराकडे लक्ष गेलं. दोर ताणलेला होता, आणि ओढत होते नाना. घोडा बिचारा शिकवलेलं पाळत होता.

चार महिन्यांचं उट्टं राहिलं होतं माझं. ते कसं सोडणार?

"नाना," मी मागून विचारलं, "घाई शे का?"

नाना वळले. डोळे भरलेले.

"शे ना, मास्तर. तिनाबिगर घरमा करमत नही."

मग त्यांनी हात सैल सोडला. दोर ढिला पडला आणि शांतारामने पाऊल उचललं. मी त्यांच्यामागून सावकाश चालत राहिलो. घंटा त्या दिवशीही उशिरा झाली.