हिची खुर्ची आणि परदेशी टोळी

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! उगाच बढाई मारत नाही. जन्मभर कुलपांचं दुकान चालवलं. माणूस किल्ली कशी धरतो यावरून ती त्याच्या घराची आहे की शेजाऱ्याच्या, हे मी ओळखायचो.

तर एके दिवशी नातीने सहज विचारलं, "आजोबा, आजीची खुर्ची खिडकीपासून किती लांब आहे?"

"दोन हात," मी म्हणालो आणि मग बराच वेळ बोलत राहिलो. घरात हिचा विषय कोणी काढत नाही. ही गेल्यापासून स्वयंपाकघरातलं काहीही मी हलवू दिलेलं नाही. डबे तिने लावले तसे, खुर्ची तिने सोडली तशी. सून बिचारी त्या खुर्चीला वळसा घालून भांडी घासायला जाते.

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, "डबे कोणत्या फळीवर?" तेही सांगितलं. मग आला, "मागच्या दाराला कडी आहे की कुलूप?"

मी कान टवकारले! कुलूपवाल्याकडे कुलपाची चौकशी दोनच माणसं करतात. एक गिऱ्हाईक. दुसरा कोण, ते सांगायला नको.

मी हळूच तिच्या खोलीत डोकावलो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमचं स्वयंपाकघर! खुर्ची, डबे, मागचं दार, सगळं काढलेलं. आणि बाजूच्या चौकटींतून चार अनोळखी तोंडं आमच्या घरात बघत होती, भिंतीवर बसलेल्या मांजरांसारखी!

"हे कोणी काढलं?"

"त्या निळ्या केसांच्या मुलीने. ती समुद्रापलीकडे राहते, आजोबा. आम्ही सगळे मिळून एक मोठं चित्र करतोय. प्रत्येकाने दुसऱ्याचं घर काढायचं."

"ती इथे कधी आली होती?"

"कधीच नाही! तीच तर गंमत आहे!"

गंमत! न आलेल्या माणसाला माझं मागचं दार माहीत, आणि म्हणे गंमत!

मी तडक शेजारी गेलो. शेजारी निवृत्त हवालदार. ऐकता ऐकता त्याचा चेहरा नवरदेवासारखा खुलला.

"टोळी!" तो म्हणाला. "आधी घराची माहिती काढतात. निळे केस म्हणालात ना? वेषांतर!"

"मग मी काय करू?"

"नकाशा खोटा पाडा, कुलूपवाले! चोराला एक वस्तू जागेवर सापडता कामा नये."

लागलो कामाला. मागच्या दाराचं कुलूप बदललं. कपाट ओढून दाराशी लावलं. वरचे डबे खाली, खालचे वर. खुर्ची सुरक्षित राहावी म्हणून हवालदाराकडे पोचवली. सकाळी मुलाचा अंगठा कपाटावर आपटला.

"बाबा, हे इथे कसं?"

"बंदोबस्त!"

सुनेने सवयीने साखरेच्या जागी हात घातला आणि घरभर मिठाचा चहा झाला. मी तो निमूटपणे प्यायलो.

दुपारी पुन्हा डोकावलो, तर चित्रातही कपाट दाराशी! नकाशा सुधारत होते, बदमाश! मी कपाट परत हलवलं. त्यांनीही हलवलं. मी डबे बदलले. त्यांनीही बदलले! एवढी चपळ टोळी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

शेवटी नात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजोबा, आता थांबा! ती मुलगी रडकुंडीला आलीये. आमचा नियम आहे, फोटो पाठवायचा नाही. फक्त विचारायचं आणि सांगितलेलं काढायचं. मी तिला रोज खरं सांगते आणि तुम्ही रोज घर बदलता!"

"म्हणजे माहिती तू पुरवतेस!"

"मी कुठे? दोन हात कोणी सांगितलं?"

मी उगाच खिशातली किल्ली चाचपली.

"आणि आजीची खुर्ची कुठाय?"

हवालदार त्याच खुर्चीत बसून पेपर वाचत होता. "मुद्देमाल सांभाळतोय," म्हणाला. मी त्याला उठवून खुर्ची घरी आणली. स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवली आणि तसाच उभा राहिलो.

दोन हात, हे खरं. पण तोंड कुणीकडे होतं? आणि पहिल्या फळीवर पहिला डबा कोणता? आठवेना. जे मी कोणाला बोट लावू दिलं नव्हतं, ते स्वतःच्या हाताने विस्कटलं होतं, आणि तेही चोरांपासून वाचवायला! मी जमिनीवरच बसलो.

"आजोबा," नात हळू आवाजात म्हणाली, "तिने पहिलं चित्र जपून ठेवलंय."

तिने कॉम्प्युटर स्वयंपाकघरात आणला. निळ्या केसांची मुलगी नातीकडून शिकलेले दोन शब्द ओरडत होती, "डावीकडे! अजून!" मी ढकलत होतो. डबे लागले. शेवटी खुर्ची. चित्रात ती जराशी गॅसकडे वळलेली होती. मी तशी वळवली. अगदी बरोबर!

"हे तिला कसं कळलं?"

"तुम्हीच सांगितलंत. दूध उतू जाऊ नये म्हणून आजी तिरकी बसायची. त्या दिवशी किती वेळ सांगत होतात."

मी चष्मा पुसला. मीठ पोटात जास्त गेलं की डोळ्यांना पाणी येतं.

"आता तुमची पाळी," नात म्हणाली. "तुम्ही विचारत जाल तसं तिचं घर मी काढते. विचारा."

मी घसा खाकरला. इतक्या लांबच्या पोरीला पहिलाच प्रश्न, चांगला हवा. खूप विचार केला आणि विचारलं, "मागच्या दाराला कडी आहे की कुलूप?"

नातीने त्या मुलीच्या भाषेत विचारलं. पलीकडून एका म्हातारीचा आवाज कडाडला. नात हसू दाबत होती.

"काय म्हणाली?"

"तिची आजी आहे. म्हणतेय, आधी या म्हाताऱ्याचा चेहरा नीट काढून ठेव. पोलिसांना उपयोगी पडेल!"